बाणाची जागा

"एक भोक! एवढंसं एक भोक पाडायला तुला आठ महिने लागतात?"

युफ्रोन मूर्तीभोवती फेऱ्या घालत ओरडत होता. देवळाच्या कामावर देखरेख त्याची. "छप्पर झालं, खांब झाले, बाकीचे सगळे वीर वर जाऊन बसले. तुझा एकटाच खाली लोळतोय!"

थ्रासोनने वर पाहिलंसुद्धा नाही. तो मूर्तीच्या पाठीला झिलई देत बसला होता. भिंतीला टेकणारी पाठ! ती कोणाला दिसणार होती, देव जाणे.

मूर्ती होती घायाळ होऊन पडलेल्या सैनिकाची. ती जाणार होती त्या छपराखालच्या त्रिकोणात कोपरे चिंचोळे होत जातात, तिथे उभा माणूस मावत नाही, आडवाच लागतो. संगमरवर सुरेख उतरला होता. पायाची नखंसुद्धा झाली होती. फक्त बाण रोवायला छातीत भोक पाडायचं राहिलं होतं. काशाचा बाण फळीवर धूळ खात पडला होता.

राहिलं होतं, कारण ते अंग इओलासचं होतं. थ्रासोनच्या एकुलत्या एका मुलाचं. लढाईवर जाण्याआधी तो दिवस-दिवस याच जमिनीवर आडवा पडायचा आणि बाप सुतळीने मापं घ्यायचा. "बाबा, मेलेल्याला खाज सुटली तर त्याने काय करायचं हो?" असं विचारून खिदळायचा. "गप पड, मेल्या!" बाप खेकसायचा. तो शब्द थ्रासोनला अजून डाचत होता.

मग जहाजं गेली. त्याला आता दोन वर्षं झाली. परत आलेल्यांत इओलास नव्हता, मेलेल्यांच्या यादीतही नव्हता. त्याच्याच जहाजावरचा दामोन द्राक्षांच्या सुगीत लंगडत गावी परतला. थ्रासोनने त्याला भर बाजारात गाठलं. तो खाली मान घालून म्हणाला, "धांदलीत चुकामूक झाली, काका."

चुकामूक झालेला माणूस परत येतो. म्हाताऱ्याने तेवढा एक शब्द घट्ट धरून ठेवला. इओलासच्या छातीत आपण बाण रोवला, तर आपणच त्याला मारलं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. लोक हसायचे. हसू देत. ज्याचं पोर समुद्रापार हरवलंय, त्याने कशाला धरून राहायचं हे दुसऱ्याने सांगू नये.

बायको, फिलिन्ना, त्याला यावरून कधी काही बोलली नाही. भांडण झालं ते एकदाच, त्याच सुगीत, आणि वेगळ्याच गोष्टीवरून. तिने केस कापले. आमच्याकडे बाई केस कापते ती घरातलं माणूस गेलं की. थ्रासोनने घर डोक्यावर घेतलं. "पोरगा जिवंत आहे आणि हा कसला अपशकुन करून ठेवलास? जनाची नाही तर मनाची तरी लाज!" ती खाली बसून केर गोळा करत राहिली. "उवा झाल्या होत्या," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिने केस वाढू दिले नाहीत.

"हे बघ," युफ्रोन दमून म्हणाला, "उद्या सकाळी दोर बांधणार. सण तोंडावर आलाय. तुझ्याने होत नसेल तर तो करिंथहून आलेला कारागीर पाडेल भोक. कुठे का पाडेना, बाण उभा राहिला म्हणजे झालं." कोळशाने मूर्तीच्या उजव्या छातीवर एक फुली मारून तो निघून गेला.

फिलिन्ना दारातच उभी होती. दुपारची भाकरी आणि ऑलिव्ह घेऊन आली होती. तिने टोपली खाली ठेवली.

"उठा. सामता काढा."

"वेड लागलं का तुला?"

"परक्या माणसाचा हात त्याच्या अंगाला लागायचा नाही. तुम्ही दांडा धरा, पट्टा मी ओढते."

सामत्याने दगडात भोक पाडायला दोन माणसं लागतात. एकाने दांडा धरून टोक दाबायचं, दुसऱ्याने दांड्याला वेढलेला चामडी पट्टा पुढेमागे ओढायचा. पट्टा इओलास ओढायचा. तो गेल्यापासून थ्रासोनने त्या पट्ट्याला कुणाला शिवू दिलं नव्हतं. पोराच्या हाताच्या घामाने काळा पडलेला तो पट्टा फिलिन्नाने खुंटीवरून काढला आणि क्षणभर तोंडाला लावला.

"अगं, आणि तो आला तर?" थ्रासोन रडायलाच लागला. "उद्या दारात येऊन उभा राहिला, तर कुठल्या तोंडाने सांगू त्याला?"

तिने पट्टा मनगटाला गुंडाळला.

"धरा," ती म्हणाली.

दांडा धरला त्याने. मग डोळे मिटून त्याने टोक कोळशाच्या फुलीवर टेकवलं आणि पट्टा ओढला जाण्याची वाट पाहू लागला.

पट्टा हलला नाही. त्याच्या हातावर फिलिन्नाचा हात आला. तिने टोक अलगद उचललं, फुलीवरून डावीकडे नेलं, शेवटच्या बरगडीच्या दोन बोटं खाली आणून टेकवलं.

"तिथे नाही हो, इथे," ती म्हणाली. "दामोनने स्वतःच्या अंगावर बोट ठेवून दाखवलं होतं मला. मी केस कापले ना, त्याच्या आदल्या दिवशी."