ट्रकच्या दारातलं पाणी

वाळूच्या पोत्यांचा तिसरा थर लागला तेव्हा कुठे दारातून आत येणारं पाणी थांबलं. पण शेजारच्या घराकडं बघायचा चांगदेवला धीर होईना.

मढच्या सोसायटीच्या गोदामाचा तो स्टोअरकीपर. आत युरियाची तीनशे पोती. भाताची लावणी उरकलेली, सगळा गाव खताची वाट बघत होता. दोन वर्षांपूर्वी समोरचा डांबरी रस्ता उंच केला आणि ट्रक लागायचं दार रस्त्याच्या खाली गेलं. तेव्हापासून घाटाकडून येणारा लोंढा सरळ त्या दारात. मागच्या पावसाळ्यात पोती भिजली, तेव्हा चेअरमननं त्याच्याकडून लिहून घेतलं होतं. पुन्हा भिजली तर नोकरी गेली.

आता आडवलेलं पाणी शेजारी ठकूबाईच्या घराकडे वळलं होतं. गोदामाला चिकटून तिचं मातीच्या भिंतींचं घर. दोन्हींच्या मागं भातखाचरं, पण तिकडं उतरायला मधे बोळसुद्धा नाही. पाणी भिंतीच्या बुडाशी चढत चाललं.

"भाऊ, भित फुगाया लागली," हमाल भागू म्हणाला. "काढू का पोती?"

काढली तर युरिया जातो. ठेवली तर म्हातारीचं घर. फोन सकाळपासून मुका. वर बघावं तर पाऊस, रस्त्याकडं बघावं तर पाणी. चांगदेव पोत्यांना पाय लावून तसाच उभा राहिला. जागचं हलताच येईना.

तेवढ्यात ठकूबाई बाहेर आली. पोरगा भोसरीला कंपनीत, घरात ती एकटी. गेल्या वर्षी याच पाण्यावरून दोघांचं जोरात वाजलं होतं. तेव्हापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. चांगदेवनं मान खाली घातली. आता शिव्या.

"नुसता हुबा काय ऱ्हायलास?" ती ओरडली. "मागचं पुढचं, दोन्ही दारं उघडलीत मी. जाऊ दे पाणी घरातनं."

"आवं मावशी, घरातनं?"

"आडलं तर भित पाडंल. वाट दिली तर खाचरात जाईल. माझी पोती माळ्यावर टाक आधी."

चांगदेव धावला. भाताची दोन पोती, अंथरूण, पत्र्याची पेटी, सगळं वर गेलं. भागूनं दारापुढचा ओटा फावड्यानं फोडला. पाणी उंबऱ्यावरून घुसलं, चुलीला वळसा घालून मागच्या दारानं बाहेर पडलं. गुडघाभर पाणी, पण पळतं. भिंतीवरचा भार उतरला. ठकूबाई शिडीवर बसून बघत राहिली. चूल विरघळली तेव्हा तिनं फक्त तोंड फिरवलं.

संध्याकाळपर्यंत भिंत उभी होती आणि युरिया कोरडा होता.

पाऊस मंदावल्यावर दोन दिवस चांगदेव आणि भागूनं तिच्या घरातला गाळ उपसला. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. खतासाठी माणसं उजाडायच्या आधीपासून गोदामापुढं रांगेला लागली. नऊ वाजले, दहा वाजले. दाराला कुलूप तसंच.

शेवटी रांगेतला दादाभाऊ शोधत शोधत ठकूबाईच्या दारात आला. मागोमाग अर्धी रांग. चांगदेव आत उकिडवा बसलेला, कोपरापर्यंत शेणानं माखलेला. शिडीच्या खालच्या पायरीवर ठकूबाई.

"राव, गोदाम कवा उघडणार? लई लोकं खोळंबलीत."

"सारवून झालं की," चांगदेव म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. "मावशीनं घरातनं पाणी जाऊ दिलं म्हणून तुमचं खत ऱ्हायलं."

चिमाबाई अंधार होता तेव्हापासून रांगेत पहिली उभी होती. तिनं डोईवरची घोंगडी दारात टाकली, पदर खोचला आणि आत येऊन शेणाच्या पाटीत हात घातला.