संध्याकाळी सात ते आठ

"भिंगं खराब होती, तेवढं लिहून घ्या," ऋजुता म्हणाली. आईला जाऊन सतरा दिवस झाले होते. मोतीबिंदू काढून बसवलेल्या या भिंगांनी जवळचंही वाचता येईल, असं दवाखान्याने सांगितलं होतं. तरी वर्षभर ऑफिस सुटल्यावर दोन बस बदलून ऋजुताच रोज सातला आईला पोथी वाचून दाखवत होती. "नवे डोळे केलेस, आता तरी स्वतः वाच," ती वैतागायची. आई हसायची. "डोळे नवे गं, मी जुनीच ना."

दवाखान्यातल्या गायतोंडेबाईंनी आई गेल्यावर परत आलेली भिंगं यंत्राखाली धरली. भिंगांत नजरेची नोंद राहत असे.

"ठणठणीत आहेत हो ताई. दिवसभर पेपर वाचलाय, तांदूळ निवडलेत. फक्त सात ते आठ जवळची नजर बंद. कानशिलावर बोट दाबून त्यांनीच केलीय, रोज."

ऋजुता यंत्राकडे वाकली.

"मग तासभर ती बघत काय होती?"

"चार फुटांवरचं काहीतरी. नजर हललेलीच नाही."

चार फुटांवर ऋजुताची खुर्ची असायची. लवकर संपवून निघायचं म्हणून ती पोथीवरून मान वर करत नसे.