हरकत नसल्यास

मानवजातीच्या इतिहासात समुद्राच्या बाजूने फार थोडी माणसं उभी राहिली. त्यांतलं एक त्या सकाळी स्टुलावर उभं होतं, आणि त्याच्या हातात दिव्याचा काचेचा गोळा होता.

पडद्यावर आपला चेहरा काळोखात दिसतो, अशी शास्त्रज्ञ बाईंची तक्रार. म्हणून त्यांचे यजमान, निवृत्त पोस्टमास्तर, दिवा बदलायला चढले. गोळा सुटून तळहातावर आला, आणि नेमकी त्याच क्षणी टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये चाळीस देशांची बैठक सुरू झाली. दहावा विषय अध्यक्षांनी पहिला घेतला.

विषय बाईंचा होता. समुद्राखालची शेवाळाची जंगलं जपण्याचं कलम. अठरा वर्षं त्या ते घेऊन दारोदार फिरल्या. वनखात्याने शेवाळ पाण्यात आहे म्हणून झटकलं, मत्स्यखात्याने ते पोहत नाही म्हणून. आता ते कलम आंतरराष्ट्रीय करारात जायचं होतं. तिथली रीत अशी, की मतदान नाही. अध्यक्ष एक मिनिट थांबतात. कोणाचा हात वर आला नाही, तर कलम मंजूर. एक जरी आला, तरी पुढची बैठक चार वर्षांनी.

मास्तरांचा हात वर होता. गोळा पडद्याच्या चौकटीबाहेर राहिला होता. हात मात्र मनगटापर्यंत, बाईंच्या खांद्यामागे, चाळीस देशांना स्वच्छ दिसत होता.

दुसऱ्या हातात नवा दिवा; हा खाली घ्यावा, तर गोळा फरशीवर. ठेवावा, तर जंगलं गेली. बत्तीस वर्षांच्या संसारात एकही मुद्दा विनातक्रार जाऊ न देणारा तो गृहस्थ श्वाससुद्धा जपून घेऊ लागला.

"मागच्या सद्गृहस्थांची हरकत आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "ते माझे यजमान. त्यांच्या हरकती घरी ऐकल्या जातात."

"मान्य होतात?"

"नोंद होते."

चाळीस देश हसले. मास्तरांनी मात्र जबाबदारीने मान हलवून हरकत नसल्याचं कळवलं. मिनिट संपलं. हातोडी वाजली. कलम मंजूर.

बाई उठून वळल्या. डोळे भरले होते. "अहो, झालं," एवढंच म्हणाल्या.

या दिवसासाठी मास्तरांनी केव्हापासून एक भाषण मनात घोळवून ठेवलं होतं. त्यात महासागर होता, येणाऱ्या पिढ्या होत्या, शेवटी बाईंचं लाडाचं नावही होतं. त्यांनी घसा खाकरला.

"अगं," ते म्हणाले, "पायाला मुंग्या आल्यात. जरा स्टूल धरतेस का?"