पायरी

जयराज पोलंडमधल्या एका लहानशा गावात गोदामात कामाला होता. सुट्टीच्या दिवशी तो माण तालुक्यातल्या घरी आबांना व्हिडिओ कॉलवर तिथला चौक, घड्याळाचा मनोरा दाखवत होता. एका उभ्या दगडापाशी तो थांबला.

"आबा, गाव राखताना मेलेल्यांची नावं हायती ह्याच्यावर. तीनशे वर्षं झाली, अजून फुलं ठेवत्यात."

आबांनी विचारलं, "आपल्या बांधावरचा घोड्यावरच्या वीराचा दगड आठवतो का रं?"

"व्हय की. दसऱ्याला शेंदूर लावायचो आपण. हाय न्हवं नीट?"

आबांनी फोन दारातल्या पायरीकडे वळवला.

"घर बांधताना दगड कमी पडला, तवा तूच फोनवर म्हणला हुतास, घाला त्योच पालथा."

मग हळूच म्हणाले, "मीबी नगं म्हणालो न्हाई."