वरचा हुद्दा

"बापाच्या विरुद्ध उभी राहतेस? लाज नाही वाटत?" आत्याने कोटाचं बटण शिवता शिवता विचारलं.

"नाही वाटत," ती म्हणाली. "नीट घट्ट शिव. आज तुटायला नको."

छापखान्यावरच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी शिडांचं जहाज उभं राहायचं. खुर्च्या म्हणजे डेक, मधला खांब म्हणजे डोलकाठी. जुन्या काळचे खलाशी आणि अधिकारी म्हणजे आठवडाभर पोटापाण्याचं बघणारी ही हौशी मंडळी. आत्या जहाजाची डॉक्टर, बेकरीवाला तोफांचा प्रमुख. कप्तान तिचे बाबा, एरवी शाळेची व्हॅन चालवणारे. खेळ त्यांनीच सुरू केलेला, नियमही त्यांचेच.

एक नियम फार कडक होता. वरच्या हुद्द्याचा हुकूम मोडला, की गणवेश उतरवायचा आणि पुन्हा या हॉलची पायरी चढायची नाही. हुकूम जहाजावरचा असो की बाहेरचा. एकदा कप्तानांनी रागाच्या भरात बेकरीवाल्याला मिशी काढायला सांगितली. त्याने मुकाट्याने काढली. बायकोने कित्येक दिवस त्याला ओळख दाखवली नाही.

कप्तानाच्याही वर असायचा कमोडोर. जुने कमोडोर मुलाकडे परगावी राहायला गेले आणि जागा रिकामी झाली. ती कप्तानांचीच, हे सगळे धरून चालले होते. तेवढ्यात लेफ्टनंट असलेल्या त्यांच्या मुलीने आपलं नाव पुढे केलं.

मग ती हात धुऊन परीक्षेच्या तयारीमागे लागली. जेवण झाल्यावर दोरीच्या गाठी, छापखान्यात कामावर असताना यंत्राच्या खडखडाटात वाऱ्याच्या दिशा. आधी घरात बापलेकीचं रोज वाजायचं. आता "मीठ दे" आणि "हे घ्या" एवढंच उरलं होतं. तिला त्याचा त्रास होत होता, पण ती मागे हटली नाही.

त्या रविवारी कप्तान आले, कमरेला नेहमीचा किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत होता.

"कप्तान, व्हॅनचा दिवा परत फुटला वाटतं," बेकरीवाल्याने छेडलं.

"फाटकच अरुंद बांधलंय," कप्तान म्हणाले. त्या फाटकातून ते वर्षानुवर्षं गाडी काढत होते.

परीक्षा सुरू झाली. गाठींमध्ये कप्तान सरस ठरले, वादळात जहाज वळवण्यात ती. शेवटची कसोटी धाकट्या उमेदवाराने निवडायची, असा रिवाज होता.

"निशाणं वाचायची," ती म्हणाली. "पार जिन्याच्या दारापासून."

"अगं, तेवढ्या लांबून?" आत्याच्या हातातली सुई थांबली.

"समुद्रात जवळ येऊन कोण दाखवतं?"

बेकरीवाला नाइलाजाने दारापाशी गेला आणि त्याने संदेशाची दोन निशाणं उंच धरली. कप्तान पुढे झुकले. डोळे बारीक केले.

"वाट मोकळी आहे," ते शेवटी म्हणाले. "पुढे चला."

बेकरीवाल्याने मान खाली घातली.

"लेफ्टनंट?"

"पुढे माणूस पाण्यात पडलाय," ती म्हणाली. "थांबा."

तिचं बरोबर होतं. हात वर झाले, पण टाळी कोणी वाजवली नाही. तिच्या खांद्यावर सोनेरी फीत लावताना आत्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. "मिळालं ना हवं होतं ते?" एवढंच पुटपुटली.

सलाम ठोकायला पहिले पुढे आले ते कप्तान. पाठ ताठ, टाचा जुळलेल्या.

"कमोडोर, पहिला हुकूम?"

तिला भरून आलं. हेच ऐकायला तिने एवढा आटापिटा केला होता. तिने हात पुढे केला.

"कप्तान, उद्यापासून शाळेची व्हॅन तुम्ही चालवायची नाही. आधी डोळे दाखवायचे. किल्ली इथे ठेवा."

आत्याने झटकन तिच्याकडे पाहिलं.

"होय, कमोडोर," कप्तान म्हणाले.

कमरेच्या जुडग्याला त्यांनी हात लावला नाही. कोटाच्या वरच्या खिशातून व्हॅनची किल्ली काढली, जुडग्यातून आधीच सुटी करून ठेवलेली, आणि तिच्या तळहातावर ठेवली.