अंगठ्यापुरती जागा

आमच्या ऑफिसात अहवाल एआय लिहितं, पण त्यांचं रूप ठरवलं माझ्या थोरल्या भावाने, माझ्या समोरच्या खुर्चीत बसून. सगळीकडे एकच फॉन्ट, एकच निळा रंग, आणि प्रत्येक पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्यापुरती कोरी जागा. "वाचणाऱ्याचा अंगठा अक्षरांवर पडू नये गं," दादा म्हणायचा.

दादा वारला त्याच महिन्यात साहेब म्हणाले, "ती जागा काढा, उगाच पानं वाढतात." जिवावर आलं होतं, तरी मी एआयला दिलेला तो नियम काढून टाकला.

दुसऱ्या दिवशीच्या अहवालात जागा होतीच. एआयला विचारलं, तर म्हणे, असा नियमच नाही. प्रिंटरमधून आलेला कागद गरम होता, तेवढी जागा मात्र गार. मग मी रोज तिथे अंगठा टेकवून बसायची.

आज त्या कोपऱ्यात अक्षरं होती. मी सगळं पान चाचपलं. मग दिसलं, कोरी जागा वरच्या कडेला गेली होती. समोरच्या माणसाने माझ्या हातातला कागद घ्यायला धरला, तर त्याचा अंगठा येईल तिथे.

समोरची खुर्ची रिकामी होती.

कागद हलकेच तिकडे ओढला गेला.

मी सोडला नाही.