वळणावरचा हात

श्रीपतच्या जुन्या जीपला वळायचे दिवे नव्हते. शिळफाट्याला उजवीकडे वळताना तो हात खिडकीबाहेर काढायचा आणि कोपऱ्यावर टोपली घेऊन बसलेली विठाबाई त्या हातात काकडी नाहीतर पेरू ठेवायची. बारा वर्षं. म्हातारीची माया, असं म्हणत श्रीपत खात खात गाडी हाकायचा.

पंच्याऐंशी साली त्यानं नवी गाडी घेतली. वळणावर दिवा लुकलुकला, हात आतच राहिला. म्हातारी रुसली असेल, म्हणून श्रीपत गाडी थांबवून उतरला.

विठाबाईनं आभाळाकडं बघून हात जोडले. “देव पावला रं! बारा वर्सं बघते, एवढी जीप हाय आन् पोटाला नाय. आज पयल्यांदा मागितलं नायस!”

दुसऱ्या दिवशी दिवा लुकलुकत असतानाही श्रीपतचा हात बाहेर आला. त्यात पेढ्यांचा पुडा होता.